चेरी श्रिंप: दहाचे दोनशे झाले, मधे एकदा शून्यही झाले

पाणनिवळी | १२ एप्रिल, रात्री १०.१५

परवा गप्पांच्या पानावर सहज लिहिलं होतं की आमच्या फिशटँकमध्ये मासा एकही नाही, नुसते श्रिंप आहेत. त्यावर सात-आठ जणांनी कौतुकाने चौकशी केली आणि दोघांनी रेसिपी मागितली. त्या दोघांना सोडून बाकीच्यांसाठी हा धागा.

आधी ओळख. चेरी श्रिंप म्हणजे गोड्या पाण्यातली इवलीशी कोळंबी, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळचे चीन-तैवानकडच्या ओढ्यांतले. रानातला श्रिंप मातकट, जवळजवळ पारदर्शक असतो. लाल, निळा, पिवळा, काळा हे सगळे रंग माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेत. वाढून वाढून जेमतेम इंचभर. मादी मोठी, गडद, पोटाला गोलाई असलेली. नर काटकुळा आणि फिक्का. आयुष्य दीड-दोन वर्षांचं, त्यामुळे एकेकाला नाव ठेवून जीव लावू नका. इथे वसाहत पाळायची असते.

माझी टाकी दोन फुटी. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये, उन्हापासून लांब. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर (दुसरा बसवलात आणि त्याच्या तोंडावर स्पंज नसेल तर पिल्लं आत ओढली जातात), मूठभर जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळ), एक लाकूड. बास. तीन वर्षांपूर्वी चाळीस रुपयांना एक असे दहा आणले.

आणले ते दुसऱ्या दिवशी सहा उरले, कारण टाकी मुरली नव्हती. दुकानदार म्हणाला होता, पाणी भरा, दोन दिवस थांबा, सोडा. लोणचंसुद्धा दोन दिवसांत मुरत नाही हो. श्रिंपच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया होतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. या जिवाणूंचं बिऱ्हाड स्पंजवर आणि वाळूत थाटायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दोन गोष्टी विषारी, तिसरी थोडीफार चालते. आणि नुसतं तेवढंही पुरत नाही, काचेवर, लाकडावर, पानांवर तो बुळबुळीत सूक्ष्म थर यावा लागतो. श्रिंप दिवसभर इवल्या चिमट्यांनी जे खुडून खात बसतात ना, ते हेच. पिल्लांचं तर पहिले काही आठवडे सगळं जेवण तिथेच. टाकी लख्ख घासणारे लोक मला भेटतात आणि विचारतात, पिल्लं का जगत नाहीत?

उरलेल्या सहांत तीन माद्या निघाल्या, हे नशीब. मादी वयात आली की डोक्यामागे पाठीवर पिवळट-हिरवट डाग दिसतो, त्याला आम्ही खोगीर म्हणतो. ती तयार होणारी अंडी. मग एका रात्री ती कात टाकते, पाण्यात तिचा गंध सुटतो आणि टाकीतले सगळे नर वेड लागल्यासारखे या भिंतीवरून त्या भिंतीवर पोहत सुटतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा विषबाधा झाली समजून अर्ध्या रात्री पाणी बदललं होतं. दुसऱ्या दिवशी मादीच्या पोटाखाली वीस-पंचवीस अंडी, मोहरीपेक्षा बारीक. ती पोटाखालच्या पायांनी अंडी सतत हलवत असते, सुपात धान्य पाखडावं तशी, म्हणजे त्यांना ताजं पाणी मिळतं आणि बुरशी धरत नाही. तीन-चार आठवड्यांनी शेवटी शेवटी भिंगातून पाहिलं तर अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात. डोळे! आणि मग एका सकाळी मॉसवर दोन मिलिमीटरचा, मिशा-शेपटीसकट अख्खा श्रिंप. मधली अळीची अवस्था नाहीच. म्हणूनच हे घरात वाढवता येतात. ज्यांच्या नावाने अमानो श्रिंप ओळखला जातो त्या जपानी मत्स्यटाकी-कलाकार ताकाशी अमानोंच्या टाक्या बघून मीही हौसेने चार अमानो आणले होते. अंडी झाली, फुटली, आणि सगळ्या अळ्या गेल्या. त्यांना काही आठवडे खारं पाणी लागतं, हे नंतर कळलं.

दहा महिन्यांत माझ्या टाकीत मोजता येईनात एवढे झाले. मग आली झुरळांची फवारणी.

फवारणीवाल्याला मी टाकी दाखवली. तो म्हणाला, बिनवासाचं औषध आहे, काही होत नाही. तरी मी टाकीवर जाड चादर घातली, कडा चिकटपट्टीने बंद केल्या, खिडक्या उघडल्या, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बाहेर जाऊन बसले. एअर पंप मात्र टाकीखाली जमिनीवर चालूच होता. पंप करतो काय? खोलीतली हवा ओढतो आणि बुडबुडे करून पाण्यात सोडतो. म्हणजे चादर घालून वरून जे अडवलं, ते मी खालून नळी लावून आत पोचवत होते. संध्याकाळी चादर काढली तर श्रिंप पाठीवर पडून पाय झाडत होते, काही गोल गोल फिरत होते. सकाळपर्यंत सगळे गेले. गोगलगायी मात्र काचेवर आरामात फिरत होत्या. झुरळ आणि श्रिंप हे लांबचे भाऊबंद, त्यामुळे झुरळाला मारणारं औषध श्रिंपला त्याहून आधी मारतं. डासांच्या कॉइल, लिक्विड मशीन, कुत्र्याच्या पिसवांचं औषध, सगळं त्याच घराण्यातलं. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, तेही यांना विष.

दोन महिने टाकी रिकामी चालवली, तीनदा पाणी आणि दोनदा विष शोषायला ठेवलेली कोळशाची पिशवी बदलली, मग पुन्हा दहा. आज दोनशेच्या वर असतील. विचारा काय विचारायचं ते.

दर्यावर्दी | १२ एप्रिल, रात्री १०.५२

रेसिपी मागणाऱ्या दोघांपैकी मी एक. आमच्याकडे दापोलीला एवढ्याशा आकाराचा जवळा मिळतो. कांदा-कोकम घालून चाळीस रुपयांत घर जेवतं. तुम्ही चाळीस रुपयांना एक नग घेता?

पाणनिवळी | १२ एप्रिल, रात्री ११.०५

जवळा समुद्रातला, जात वेगळी. आणि तुमचा जवळा आणल्यावर कमी होत जातो, माझा वाढत जातो. हिशेब करून बघा.

सुपारीफोड | १३ एप्रिल, सकाळी ७.३०

निवळीताई, फवारणीचा भाग वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडे गप्पींची टाकी आहे, त्यातच सोडले तर?

पाणनिवळी | १३ एप्रिल, सकाळी ९.१०

मोठे जगतील, पिल्लं गप्पींचा नाश्ता होतील. ज्या तोंडात पिल्लू मावतं त्या तोंडात ते जातं, एवढा साधा नियम आहे. मॉसचं रान दाट असेल तर काही वाचतात. फायटर मासा तर ठेवूच नका.

उलटा_छत्रीवाला | १३ एप्रिल, दुपारी १२.४०

पुण्याचा उन्हाळा कसा काढता? माझी टाकी आत्ता ३१ अंश दाखवतेय. आणि नळाचं पाणी चालतं का?

पाणनिवळी | १३ एप्रिल, संध्याकाळी ६.२०

२२ ते २६ त्यांना आवडतं. तिशीच्या वर पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि त्यांचं श्वसन वाढतं, दोन्हीकडून कात्री. चिलर घ्यायची गरज नाही. टाकीचं झाकण काढा आणि कॉम्प्युटरचा जुना पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. माठ गार राहतो तेच तत्त्व. एप्रिलची आपली हवा कोरडी, त्यामुळे माझ्याकडे तीन अंश सहज उतरतात. हाच पंखा मुंबईत एवढं काम करत नाही. पाणी रोज बोटभर उडतं, ते आरओच्या पाण्याने भरा. नळाच्या पाण्याने भरत राहिलात तर उडणारं नुसतं पाणी असतं आणि क्षार आत साठत जातात. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, झटका बसतो. डिसेंबरात उलट, टाकी अठरा-एकोणीसवर येते आणि अंडी बंद होतात. होऊ दे, त्यांनाही विश्रांती.

नळाचं पाणी: माझ्याकडे खडकवासल्याचं येतं, ते तसं मऊ. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) शंभरच्या आसपास. क्लोरीन घालवायला बादलीत हवेची नळी सोडून एक दिवस ठेवते आणि वर हायपोचा (सोडियम थायोसल्फेटचा) खडा. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा वासच सांगतो की आज नको. मऊ पाण्यात कवचाला कॅल्शियम कमी पडतं म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस (कटलफिशचं आतलं कवच) आणून त्याचा तुकडा स्पंजजवळ ठेवते. देशी बदामाची गळून पडलेली तांबडी पानं रस्त्याच्या झाडाखालून आणते, उकळून टाकीत सोडते. पिल्लं त्यावरच असतात. (पानं गोळा करताना आमच्या गल्लीतले एक आजोबा रोज विचारतात, "औषधाला का?" मी हो म्हणते. श्रिंपचं सांगायला अर्धा तास जातो.)

गणपत_पेन्सिल | १३ एप्रिल, रात्री ९.००

रंगांबद्दल एक भर. लाल आणि निळे एकत्र ठेवले की जांभळे होतील असं लोकांना वाटतं. होत नाहीत. एकाच जातीचे असल्याने त्यांचा संकर होतो आणि तीन-चार पिढ्यांत ताई म्हणतात तो मूळचा मातकट रंग परत येतो. मी हा प्रयोग चांगले पैसे घालवून केलाय. एका टाकीत एकच रंग, आणि त्यातही फिक्के निघालेले वेगळे काढायचे.

उलटा_छत्रीवाला | १३ एप्रिल, रात्री ९.१५

वेगळे काढलेले मुठा नदीत सोडायचे?

गणपत_पेन्सिल | १३ एप्रिल, रात्री ९.३२

अजिबात नाही! जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्यावर वाहणाऱ्या एका ओढ्यात लोकांनी सोडलेल्या या श्रिंपनी कायमचं बस्तान बसवलंय, हवाईतही तेच. आपल्याकडे तर पाणी बाराही महिने कोमट. सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या छोट्या कोळंब्या आहेत, त्यांच्या घरात हे पाहुणे नकोत. नको असलेले कुणाच्या तरी टाकीत द्या.

वाघोलीचा_वाघ | १५ एप्रिल, रात्री ११.४८

ताई, धागा वाचतोय आणि रडू येतंय. माझ्याकडे वर्षभर मस्त चालली होती टाकी, ऐंशीच्या आसपास होते. गेल्या दोन आठवड्यांत रोज एक-दोन मरतायत. मोठ्या माद्याच जास्त. फवारणी नाही, कॉइल नाही, नवीन झाड नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. टीडीएस २३०, वर्षभर २३०च ठेवलाय. दर रविवारी पाव पाणी बदलतो, नळाचं एक भाग आणि आरओचं दोन भाग. काहीही बदललेलं नाही.

सुपारीफोड | १६ एप्रिल, सकाळी ७.४०

प्लॅनेरिया बघ. रात्री दिवा बंद करून टॉर्च मार, काचेवर बाणासारख्या डोक्याचे पांढरे किडे दिसतील. पिल्लं खातात. त्यावर जे औषध मिळतं त्यात चक्क सुपारीचा अर्क असतो. माझ्या नावाशी संबंध नाही.

वाघोलीचा_वाघ | १६ एप्रिल, सकाळी ८.०५

बघितलं दादा, काही नाही. आणि पिल्लं नाही, मोठेच मरतायत.

पाणनिवळी | १६ एप्रिल, सकाळी ९.३०

अरे, मेलेला श्रिंप पांढऱ्या बशीत ठेवून भिंगाने बघ. डोकं आणि धड यांच्या मधे, मानेशी, पांढरी रेघ आहे का? बांगडीसारखी गोल?

वाघोलीचा_वाघ | १६ एप्रिल, दुपारी १.१०

आहे!! दोघांनाही आहे. आणि एक जिवंत मादी आत्ता अशीच कडं घेऊन मॉसवर आडवी पडलीय.

पाणनिवळी | १६ एप्रिल, दुपारी १.२५

म्हणजे कात अडकतेय. नीट असेल तर कवच मानेच्या मागे वरच्या बाजूला उकलतं आणि श्रिंप वाकून एका झटक्यात बाहेर उडी मारतो, मागे मिशांसकट पोकळ कात राहते. (ती काढू नका, तेच खातात.) कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलं किंवा पाण्यात अचानक फरक पडला की चीर सगळीकडून गोल जाते आणि बाहेर पडता येत नाही. माद्या जास्त का, तर अंडी द्यायच्या आधी त्यांना कात टाकावीच लागते.

तुझ्याकडे जीएच (पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजायचं थेंबांचं किट आहे का?

दर्यावर्दी | १६ एप्रिल, दुपारी २.००

समुद्रफेस टाक की लेका. (आता मीही शिकलो.)

वाघोलीचा_वाघ | १६ एप्रिल, दुपारी २.२०

टाकलाय दोन महिन्यांपूर्वी, आहे तसाच आहे. किट नाही, टीडीएस मीटरवर भागत होतं. आमचं बोअरचं पाणी, प्रचंड जड. नळांवर पांढरे थर असतात, कॅल्शियम कमी कसं पडेल?

पाणनिवळी | १६ एप्रिल, दुपारी २.३१

असतात की असायचे?

वाघोलीचा_वाघ | १६ एप्रिल, दुपारी २.५०

थांबा, बघून सांगतो.

वाघोलीचा_वाघ | १६ एप्रिल, दुपारी ३.१५

बाथरूमचा नळ चकाचक आहे. आई म्हणते, होळीच्या आसपास सोसायटीने पाण्याचं मशीन बसवलं, तेव्हापासून साबणाला फेस खूप येतो आणि केस मऊ झालेत. वॉचमन म्हणाला, मशीनमध्ये मिठाच्या गोण्या टाकतात.

गणपत_पेन्सिल | १६ एप्रिल, दुपारी ३.२२

सापडलं!

पाणनिवळी | १६ एप्रिल, दुपारी ३.४०

सॉफ्टनर. त्यातले मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे करतात, म्हणून गोण्या. पाण्यात विरघळलेल्या मालाचं वजन जवळजवळ तेवढंच राहतं, नुसता माल बदलतो. टीडीएस मीटर किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. म्हणून तुला वर्षभर २३० दिसलं. आधीच्या २३०मध्ये कॅल्शियम होतं, आत्ताच्यात मीठ-सोडा आहे. दर आठवड्याला पाव पाणी बदललंस, म्हणजे सहा आठवड्यांत जुनं पाणी पाचव्या हिश्श्याहून कमी उरलं. मरायला सुरुवात त्याच काळात.

समुद्रफेस विरघळत नाही कारण सॉफ्टनर पाण्याचा अल्कलीपणा काढत नाही. माझ्या मऊ, बदामाच्या पानांनी जरा आंबटलेल्या पाण्यात तो झिजतो, तुझ्यात दगडासारखा पडून राहणार.

आता घाईने काही करू नकोस. एकदम जड पाणी ओतलंस तर उरलेले त्या झटक्यानेच कात टाकायला लागतील. मशीनच्या आधी एखादा नळ सुटलाय का बघ. बागेला सहसा साधं बोअर देतात. आणि किट आण आजच.

वाघोलीचा_वाघ | १७ एप्रिल, रात्री ८.३०

किट आणलं. टाकीचं पाणी दुसऱ्या थेंबालाच हिरवं झालं, म्हणजे जीएच २. वॉचमनच्या खोलीमागे बागेचा नळ आहे, तिथलं पाणी बाविसाव्या थेंबाला हिरवं! एक भाग ते आणि दोन भाग आरओ केलं, तर जीएच ८. आणि टीडीएस किती आला असेल?

गणपत_पेन्सिल | १७ एप्रिल, रात्री ८.३४

२३०.

वाघोलीचा_वाघ | १७ एप्रिल, रात्री ८.३५

२३४. मीटर फेकून द्यावासा वाटतोय.

पाणनिवळी | १७ एप्रिल, रात्री ९.००

फेकू नकोस, उडालेलं पाणी भरताना लागेल. हे मिश्रण एक दिवसाआड, टाकीच्या दहाव्या हिश्श्याइतकंच. तेही सलाइनच्या सेटने थेंब थेंब सोड. औषधाच्या दुकानात मिळतो, चाकाने वेग कमी-जास्त करता येतो, सेकंदाला एक-दोन थेंब. नवीन श्रिंप आणल्यावरही असंच दोन तास थेंबांवर ठेवायचं, पिशवी फोडून ओतायची नाही. आणि या दिवसांत खाऊ बंद.

सुपारीफोड | १८ एप्रिल, सकाळी ७.२०

खाऊवरून आठवलं, घालता काय?

पाणनिवळी | १८ एप्रिल, सकाळी १०.००

आठवड्यातून दोनदा, कमीच. उकडलेला पालक, दोडक्याची चकती, कुंडीतल्या शेवग्याचा पाला. मंडईतून आणलेला पाला मी घालत नाही, फवारलेला असण्याची भीती. दोन तासांत संपला नाही तर काढून टाकायचा. श्रिंप भुकेने मेल्याचं मी पाहिलेलं नाही, लाडाने मेल्याचं पुष्कळ.

वाघोलीचा_वाघ | २४ एप्रिल, रात्री १०.१०

जीएच ४. या आठवड्यात तीन गेले. आधी रोज दोन जात होते.

वाघोलीचा_वाघ | ९ मे, सकाळी ६.५५

ताई, जीएच ७. दहा दिवसांत एकही नाही गेला. मोजले तर एकतीस उरलेत. आणि आत्ता उठून बघतो तर फिल्टरच्या मागे अख्खी रिकामी कात, मिशांसकट, आणि मॉसमध्ये एक मादी लपून बसलीय, पोटाखाली पिवळी अंडी. अठरापर्यंत मोजली, मग ती वळली. आईला उठवून दाखवली. ती म्हणाली, छान, पण मशीन बंद करायला सांगू नकोस हं सोसायटीला.

पाणनिवळी | ९ मे, सकाळी ८.१५

आईंचं बरोबर आहे, केस महत्त्वाचे. एकतीसांतून वसाहत उभी राहते, मी सहांतून केलीय. तरी वीस-पंचवीस देते, रक्त बदलेल. रविवारी अकराच्या आत ये, नंतर ऊन होतं. झाकणाची बरणी आण, अर्धीच भरायची, वर हवा राहू दे, आणि आत मॉसचा झुबका म्हणजे धरून बसतील. जाताना बरणी ओल्या पंच्यात गुंडाळून पायाशी ठेव, गाडीच्या डिकीत नको.

दर्यावर्दी | ९ मे, सकाळी ८.२२

मीही येतो रविवारी. टाकी मुरत घातलीय तीन आठवडे, अजून तीन थांबेन म्हणतो, पण बघून ठेवतो. जवळा घेऊन येऊ का? वाळवलेला?

पाणनिवळी | ९ मे, सकाळी ८.३०

आण. पण स्वयंपाकघरातच ठेवायचा, हॉलमध्ये नाही.